मैत्रीण सिंगापूरला शिकतेय? शनिवार-रविवार तिच्याकडे जाऊन यायचं तर: ठाण्यातून पहिल्यांदाच निघणाऱ्यांसाठी

नौपाड्यात आमच्याच मजल्यावर, समोरच्या दारात वाढलेली माझी मैत्रीण मास्टर्स करायला सिंगापूरला गेली. पहिलीपासून आम्ही एका बाकावर, आणि नोकरी लागल्यावरही तलावपाळीला संध्याकाळची एक चक्कर ठरलेली. ती गेल्यावर कित्येक दिवस गोखले रोडने घरी येताना माझा हात आपोआप फोनकडे जायचा. तिच्या शिक्षणाच्या काळात मी दोनदा शनिवार-रविवार गाठून तिच्याकडे जाऊन आले. पहिल्या खेपेला मी सिंगापूर पाहिलं. दुसऱ्या खेपेला ती भेटली. खाली जे लिहिते आहे ते त्या दुसऱ्या खेपेसारखं तुमचं पहिल्याच खेपेला जमावं म्हणून.

मुंबईहून सिंगापूरला थेट विमानाने साधारण साडेपाच तास लागतात. तिथलं घड्याळ आपल्या अडीच तास पुढे. शुक्रवारी रात्री निघून रविवारी रात्री परतणं खरोखर जमतं, पण हाताशी दीड-दोन दिवसच असतात. ठाण्यात बसून जी कामं उरकता येतील ती इथेच उरकायची, म्हणजे तिथले तास तिच्यासाठी उरतात.

आधी तिचं वेळापत्रक, मग तुमची रजा

आपण सगळे कॅलेंडर उघडून जोडून सुट्टी शोधतो. मीही तेच केलं होतं. १ मे आपल्याकडे महाराष्ट्र दिन, तिकडे कामगार दिनाची सुट्टी. वाटलं, याहून सोयीचं काय. पण तिथल्या विद्यापीठांत एप्रिलच्या अखेरीला आणि मेच्या सुरुवातीला परीक्षा असतात. मी फिरायच्या यादीसकट पोचले आणि ती दोन रात्री मला झोपवून अभ्यास करत बसली. मला कळू दिलं नाही, हे तर अजून लागलं.

तिथलं शैक्षणिक वर्ष ऑगस्टमध्ये सुरू होतं. पहिलं सत्र ऑगस्ट ते डिसेंबरची सुरुवात, दुसरं जानेवारी ते मेची सुरुवात. प्रत्येक सत्राच्या मध्यावर आठवडाभर वर्ग नसतात: साधारण सप्टेंबरच्या अखेरीला आणि फेब्रुवारी-मार्चच्या सांध्यावर. पण या आठवड्याच्या लगेच पुढे बऱ्याच जणांच्या चाचण्या असतात, त्यामुळे त्याचा पहिला शनिवार-रविवार धरा, शेवटचा नको. दिवाळीनंतरचा आठवडाही चांगला, कारण नोव्हेंबरच्या अखेरच्या परीक्षेला अजून वेळ असतो आणि तुमच्या हातात फराळ असतो.

तिला ‘कधी येऊ?’ असं विचारू नका. ‘कधीही ये गं’ असंच उत्तर येणार. ‘तुझे कुठले दोन आठवडे सगळ्यात वाईट आहेत ते सांग’ असं विचारा. याचं उत्तर खरं मिळतं. अर्धवेळ कामाच्या पाळ्याही विचारा. तिथे विद्यार्थ्यांना सत्र चालू असताना आठवड्याला १६ तासांपर्यंत काम करता येतं आणि ते काम बहुतेक वेळा शनिवार-रविवारीच असतं. पाळी बदलून घ्यायला तिला महिनाभराची पूर्वसूचना मिळाली पाहिजे.

पासपोर्ट आणि व्हिसा

पासपोर्ट नसेल तर ठाण्याचं पासपोर्ट सेवा केंद्र वागळे इस्टेटमध्ये आहे. ३६ पानांच्या पासपोर्टची साधी फी १,५०० रुपये, तत्काळसाठी वर २,००० रुपये. पोलीस पडताळणीला तुमच्या हद्दीतल्या पोलीस ठाण्यातून बोलावणं येतं, म्हणून सध्या राहता तोच पत्ता अर्जात हवा. भाड्याने राहणाऱ्या मुलींनी इकडे जास्त लक्ष द्यावं. पासपोर्ट असेल तर प्रवासाच्या दिवसापासून पुढे किमान सहा महिने तो चालू आहे ना, हे आजच पाहा.

भारतीयांना सिंगापूरला जायला आधी व्हिसा काढावा लागतो. तिथे उतरून मिळत नाही. अर्ज मान्यताप्राप्त एजंटमार्फत होतो. मैत्रीण विद्यार्थिनी म्हणून तिथे राहत असली तरी तिच्या नावावर हे काम होत नाही, त्यासाठी तिथला नागरिक किंवा कायम रहिवासी लागतो. सरकारी फी ३० सिंगापूर डॉलर, त्यावर एजंटचे पैसे. कामाचे तीन-चार दिवस धरा, पण मधे सुट्टी आली तर लांबतं, म्हणून प्रवासाच्या तीन आठवडे आधी अर्ज टाका. फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटर, पांढरी पार्श्वभूमी, गेल्या तीन महिन्यांतला. फोटो काढायला जाताना पांढरा कुर्ता घालू नका.

व्हिसा आला की एक काम उरतं आणि ते पुष्कळजण विसरतात: एसजी अरायव्हल कार्ड. पोचण्याआधी, पोचायचा दिवस धरून तीन दिवसांच्या आत ते ऑनलाइन भरायचं असतं. ते पूर्णपणे फुकट आहे. शोधायला गेलात की पैसे मागणारी भलतीच पानं आधी दिसतात, त्यांना बँकेच्या कार्डाचा नंबर देऊ नका. सिंगापूरच्या इमिग्रेशन खात्याच्या पानावरच भरा. त्यात राहण्याचा पत्ता लागतो, तो पिनकोडसह मैत्रिणीकडून लिहून घ्या आणि एक प्रत कागदावर पर्समध्ये ठेवा.

तिकीट काढताना दोन गफलती

पहिली तारखेची. रात्री साडेबाराचं विमान असेल तर तिकिटावर शनिवार असतो, पण घरातून तुम्ही शुक्रवारी संध्याकाळी निघायचं असतं. दोन जणींनी एकमेकींना हे मोठ्याने वाचून दाखवावं.

दुसरी विमानतळाची. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरून विमानं सुरू झाली आहेत. त्यामुळे ‘मुंबई’ शोधल्यावर दोन विमानतळ समोर येऊ शकतात: सहारचा बीओएम आणि उलव्याजवळचा एनएमआय. ठाण्याहून दोन्हीकडची वाट अगदी वेगळी. बुक करण्याआधी ही तीन अक्षरं बघाच.

परतीला रविवारी संध्याकाळचं विमान घ्या. घड्याळ मागे येत असल्याने तिथून सातला निघालात तर आपल्याकडे रात्री दहाच्या सुमारास उतरता आणि सोमवारी ऑफिसला जाता येतं. सोमवारची रजा मिळत असेल तर मात्र जरूर घ्या. रविवारची संध्याकाळ हातात असणं फार मोलाचं आहे.

झोपायचं कुठे, हे आधी स्पष्ट विचारा

‘तिची खोली आहेच की’ असं आपण गृहीत धरतो. विद्यापीठाच्या वसतिगृहांत बाहेरच्या पाहुण्याला रात्री राहायला बहुधा परवानगी नसते. नियम मोडला तर भोगावं तिला लागतं, खोलीही जाऊ शकते. ती भिडेखातर हो म्हणेल, तुम्ही नाही म्हणा. ती भाड्याच्या घरात एका खोलीत राहत असेल तर घरमालकिणीला आधी विचारायला सांगा. मी दुसऱ्या वेळी तिच्या घरापासून दोन स्टेशनांवर साधं हॉटेल घेतलं आणि तीच माझ्याकडे राहायला आली. तिलाही दोन रात्री बदल झाला.

काकूंची पिशवी

आता सगळ्यात महत्त्वाचं. तुम्ही जाताय हे कळलं की तिची आई पिशवी घेऊन येणारच. ‘थोडंसंच आहे गं’ म्हणत दहा-बारा किलोचं सामान येतं. ते न्यायचं. सगळं नाही नेता आलं तरी बरंचसं न्यायचं, कारण त्या माउलीला स्वतःला जाता येत नाही. पण तीन अटी घाला, आणि त्या आदल्या रात्री नको, पंधरा दिवस आधी जाऊन, चहा घेत, नीट समजावून सांगा.

पहिली अट: प्रत्येक डबा मी उघडून बघणार आणि माझ्या हाताने बॅगेत भरणार. विमानतळावर ‘सामान तुम्हीच भरलंय का?’ असं विचारतात. त्याचं खरं उत्तर हो असायला हवं.

दुसरी अट: खसखस अजिबात नाही. ही गोष्ट घरोघरी ठाऊक व्हायला हवी असं मला मनापासून वाटतं. खसखस अफूच्या बोंडातून येते आणि सिंगापूरच्या अमली पदार्थविरोधी खात्याच्या लेखी ती निषिद्ध माल आहे. दुबई-अबूधाबीतही तीच गत. अमली पदार्थांच्या बाबतीत सिंगापूरचे कायदे जगातल्या सर्वांत कडक कायद्यांपैकी आहेत, तिथे ‘आमच्यात हे फराळाला असतं’ हे सांगत बसायची वेळ येऊ नये. आणि आपल्याकडे खसखस कुठे कुठे असते ते आठवा: अनारशाला लावलेली, डिंकाच्या लाडवात, करंजीच्या सारणात, कित्येक घरच्या गोड्या आणि मालवणी मसाल्यात. आमच्या काकूंनी अनारसे दिले होते. मी डबा उघडला म्हणून दिसलं. त्यांचा चेहरा उतरला. मग त्यांनी दोन दिवसांत चकली आणि शंकरपाळे करून दिले, आणि मसाला खसखस न घालता नव्याने कुटून आणला. वेळ होता म्हणून हे झालं. म्हणूनच म्हणते, पंधरा दिवस आधी.

तिसरी अट: सुक्या खोबऱ्याच्या वाट्या नाहीत. खोबऱ्यात तेल भरपूर असतं, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून विमान वाहतुकीत ते धोकादायक मालात मोडतं. सुरक्षा तपासणीत बॅग उघडून काढून टाकायला लावतात.

मग न्यायचं काय? थालीपिठाची भाजणी, मेतकूट, पोह्याचे पापड, आमसुलं, शेंगदाण्याची चटणी, खसखस नसलेला गोडा मसाला. हे सगळं कोरडं, हलकं आणि महिनाभर पुरणारं. लोणचं द्यायचंच असेल तर ते फक्त चेक-इन बॅगेत; हातातल्या सामानात १०० मिलिलिटरच्या वरचं पातळ चालत नाही, आणि लोणचं-तूप पातळातच मोजलं जातं. बरणी काचेची नको. प्लास्टिकची घ्या, झाकणाखाली प्लास्टिकचा कागद आणि वरून दोन पिशव्या. मांस, मासळी, सुकट, बोंबील इथेच राहू दे.

एवढ्याचसाठी सांगते, तिकीट घेताना नुसत्या हातातल्या सामानाचं स्वस्त भाडं निवडू नका. पंधरा किलो तरी चेक-इन हवं. जाताना त्यातलं तुमचं तीन किलो आणि काकूंचं बारा.

च्युइंग गम, ई-सिगारेट, खायची तंबाखू, गुटखा यांवर तिथे बंदी आहे. औषधं चिठ्ठीसकट मूळ पाकिटात न्या. झोपेच्या किंवा मानसिक आजाराच्या गोळ्या आणि कोडीन असलेलं खोकल्याचं औषध लागत असेल तर आधी परवानगी लागू शकते, ती ऑनलाइन मागता येते.

पैसे, फोन, प्लग

बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचा परदेशातला वापर चालू करा. नव्या कार्डावर तो मुळात बंद असतो. थोडे रोख सिंगापूर डॉलर ठाण्यातच घ्या, शंभर पुरतात. फोनला रोमिंगचा पॅक टाका किंवा तिथलं ई-सिम घ्या, पण आपलं सिम बंद करू नका, नाहीतर ओटीपी येणार नाही. प्रवास विमा काढा, तिथला दवाखाना महाग असतो. तिथले प्लग चौकोनी तीन दांड्यांचे असतात, आपला चार्जर बसत नाही. अडॅप्टर स्टेशनबाहेरच्या बाजारात मिळतो.

ठाण्यातून विमानतळावर

शुक्रवारची संध्याकाळ आणि घोडबंदर रोड, ठाणेकरांना जास्त सांगायला नको. आंतरराष्ट्रीय विमानासाठी तीन तास आधी पोचायचं, त्यावर घरापासूनच्या वाटेचे दोन तास धरा. कासारवडवली किंवा त्याच्या पुढे राहत असाल तर अडीच.

बॅग एकच असेल तर माझ्या मते रेल्वे-मेट्रो जास्त भरवशाची. ठाण्याहून घाटकोपर लोकल, घाटकोपरहून मेट्रो १ ने मरोळ नाका, तिथे उतरून भुयारी मेट्रो ३. पुढचंच स्टेशन टर्मिनल २. हा मेट्रो ३ चा टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाला आणि आमच्यासारख्यांची मोठी सोय झाली. संध्याकाळी घाटकोपरहून निघणारी मेट्रो भरलेली असते, त्यामुळे सहाच्या आत किंवा साडेआठनंतर निघा. फार रात्री मेट्रो बंद होते, परतताना टॅक्सीच धरावी लागेल.

दारावर सीआयएसएफचे जवान तिकीट आणि पासपोर्ट पाहतात, सोडायला आलेल्यांना आत जाता येत नाही. आईबाबांना हे आधी सांगून ठेवा. इमिग्रेशनला ‘कशाला जाताय, कुठे राहणार, परत कधी’ एवढंच विचारतात. मैत्रिणीला भेटायला, अमुक पत्त्यावर, रविवारी परत. सरळ सांगायचं. परतीचं तिकीट आणि व्हिसा छापून हातात ठेवा.

उतरल्यावर

चांगी विमानतळावर पाहुण्यांसाठीही यंत्राचे दरवाजे आहेत. पासपोर्टवर शिक्का मारत नाहीत. किती दिवस राहता येईल ते ईमेलवर येतं. अरायव्हल कार्ड भरताना ईमेल नीट लिहा.

तिला न्यायला बोलावू नका. शनिवारी सकाळची झोप विद्यार्थ्याला आठवड्यातून एकदाच मिळते. एमआरटी म्हणजे तिथली मेट्रो, स्टेशन टर्मिनल २ आणि ३ च्या खालीच आहे. व्हिसा किंवा मास्टरकार्डचं टॅप होणारं कार्ड थेट दरवाजावर लावायचं, तिकीट काढायला नको. परदेशी बँकेच्या कार्डावर दिवसाला ६० सेंट जास्त लागतात, तेवढे लागू द्या. तानाह मेरा स्टेशनवर गाडी बदला. ती नानयांग विद्यापीठात असेल तर हिरव्या मार्गाने थेट दुसऱ्या टोकाला, बून ले किंवा पायोनियरला जायचं, सव्वा तास तरी लागतो, पुढे १७९ नंबरची बस. नॅशनल युनिव्हर्सिटीत असेल तर क्लेमेंटी किंवा केंट रिज. आत चढताना आणि उतरताना दोन्ही वेळा तेच कार्ड टॅप करा. गाडीत काही खाऊपिऊ नका, दंड ५०० डॉलरपर्यंत आहे. पाण्याचा घोटही नको.

ते दोन दिवस

पहिल्या खेपेला मी एकवीस ठिकाणांची यादी नेली होती. दुसऱ्या खेपेला तिला फक्त एक सांगितलं: ‘तू शनिवारी काय करतेस? तेच करू.’

तिने कपडे धुवायला टाकले. मशीन फिरत होतं तोवर आम्ही खाली बाकावर बसलो आणि तिने सत्राच्या सुरुवातीला किती एकटं वाटलं होतं ते सांगितलं. फोनवर वर्षभरात एकदाही बोलली नव्हती. मग बाजार केला. तिचा वाणी, तिची नेहमीची वाट, कुठल्या फळवाल्याकडे संध्याकाळी स्वस्त मिळतं, हे सगळं तिला दाखवायचं होतं. ते बघायला कुणीतरी आपलं माणूस हवं होतं.

जेवायला हॉकर सेंटरला जा. एका छपराखाली पन्नास-शंभर गाळे, स्वस्त आणि ताजं. या हॉकर संस्कृतीला २०२० मध्ये युनेस्कोच्या यादीत स्थान मिळालं. टेबलावर टिश्यूचं पाकीट पडलेलं दिसलं तर ती जागा कुणीतरी धरली आहे असं समजायचं. जेवून झाल्यावर ताट-वाट्या परत नेऊन ठेवणं सक्तीचं आहे. शाकाहारी असाल तर भारतीय गाळा बहुतेक ठिकाणी सापडतो. नळाचं पाणी बिनधास्त प्या.

फिरायचं असेल तर दोन फुकट गोष्टी पुरे. शनिवारी संध्याकाळी गार्डन्स बाय द बेमधल्या लोखंडी उंच झाडांखाली पाठ टेकून पडायचं. पावणेआठ आणि पावणेनऊला प्रकाश आणि संगीताचा खेळ होतो. रविवारी सकाळी बोटॅनिक गार्डन. १८५९ साली सुरू झालेली ही बाग २०१५ पासून जागतिक वारसा आहे, आणि ऑर्किडची बाग सोडली तर तिकीट नाही. आम्ही तिथे भाजणीच्या थालीपिठांचा डबा नेला. तलावाकाठी चक्कर मारताना ती म्हणाली, ‘तलावपाळी मोठी झाल्यासारखी वाटते ना?’

रविवारी दुपारी लिटल इंडिया करा, पण तुमच्यासाठी नव्हे, तिच्यासाठी. टेका सेंटरमधून कढीपत्ता, मिरच्या, डाळी, तांदळाची जड पिशवी असं सगळं दोघींनी मिळून उचलून आणायचं. एकटीला ती तांदळाची पिशवी एमआरटीतून आणणं जड जातं. एका वेळचं साधं जेवण तिच्या स्वयंपाकघरात करा. वरण-भात, बटाट्याची भाजी, काकूंची चटणी. तिच्या वर्गातल्या दोन-तीन जणींना बोलवा. तुम्ही निघून गेल्यावर तिच्यासोबत त्याच असणार आहेत, त्यांची तोंडओळख असू द्या.

दोन गोष्टी टाळा. ‘परत कधी येणार कायमची?’ हा प्रश्न तिला सगळेच विचारतात, तुम्ही नको. आणि तिचे खर्च नकळत वाढवू नका. सिंगापूर डॉलर ७० रुपयांच्या आसपास आहे आणि ती महिना मोजून काढत असते. बाहेरचं जेवण तुम्ही द्या आणि त्यावर चर्चा नको.

निघताना

चांगीला ज्युएल म्हणून काचेची मोठी इमारत आहे, आत ४० मीटर उंचीचा धबधबा. ती सुरक्षा तपासणीच्या बाहेर आहे, त्यामुळे सोडायला आलेल्या माणसाला शेवटपर्यंत तुमच्याबरोबर बसता येतं. विमानाच्या चार तास आधी तिथे पोचा, बॅग देऊन टाका आणि कॉफी घेऊन बसा. रिकाम्या झालेल्या बॅगेत ती आईसाठी काहीतरी देईल, त्याला जागा ठेवा.

परत आल्यावर

फोटो व्हॉट्सॲपवर पाठवून काम संपवू नका. त्याच आठवड्यात काकूंकडे जा. फोटो काढतानाच हे डोक्यात असू द्या: तिची खोली, खिडकीतून काय दिसतं, गॅसची शेगडी, फ्रिज उघडून आतलं, पांघरूण कसं आहे, चपला कुठे काढते. धबधब्याचे फोटो काकूंनी एका मिनिटात पुढे सरकवले. मसाल्याच्या कप्प्याच्या फोटोपाशी थांबल्या. बरण्यांवर मुलीच्या अक्षरात चिठ्ठ्या होत्या: हळद, तिखट, आईचा मसाला. तो फोटो त्यांनी मोठा करून दोनदा बघितला, मग विचारलं, ‘चटणी पुरेल ना गं तिला दिवाळीपर्यंत?’